‘शी एट’ म्हणजे तिने नेमकं काय खाल्लं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लावणी केली, मैत्रिणीने तिचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली प्रतिक्रिया आल्या: ‘शी एट’, ‘एट अँड लेफ्ट नो क्रम्ब्स’, कुणी नुसता इंग्रजी आठचा आकडा, आणि एकीने तर ‘मदर’. मुलगी अंगाने जरा भरलेली, शाळेत त्यावरून पुष्कळ ऐकून घेतलेलं. त्यामुळे तुम्हाला वाटलं, तिच्या खाण्यावरूनच हे टोमणे चाललेत. नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरातून तुम्ही त्या मैत्रिणीला फोन लावलात आणि चांगलं झापलंत. आता दोन दिवस मुलगी तुमच्याशी बोलत नाही. तुम्ही विचारताय की या ‘ईट’चा अर्थ तरी काय, त्यात काही घाण आहे का, आणि शाळेत ईट-एट-ईटन घोकलेल्या माणसाला हा शब्द आणखी कुठे कुठे दगा देतो.

आधी उत्तर देते, मग पुराण सांगते.

‘शी एट’ ही निखळ दाद आहे. काय नाचलीस, स्टेज गाजवलंस, तोडलंस! ‘लेफ्ट नो क्रम्ब्स’ म्हणजे ताटात कणसुद्धा उरू दिला नाही, बोट ठेवायला जागाच ठेवली नाही. आठचा आकडा म्हणजे दहापैकी आठ गुण नव्हेत. इंग्रजीत ‘आठ’ आणि ‘खाल्लं’ या दोन्हींचा उच्चार बहुतेकांच्या तोंडी सारखाच होतो, म्हणून आळशी पोरं शब्दाऐवजी आकडा टाकून मोकळी होतात. ‘मदर’ हेही कौतुकच, त्याच्याकडे येते. वजनाचा, भुकेचा आणि डब्याचा यात काडीचा संबंध नाही.

पण तुम्ही उगाच चिडलात असं मी म्हणणार नाही. तुमच्या कानाने मराठीच्या हिशेबाने बरोबरच ओळखलं होतं. काय खाल्लं ते न सांगता मराठीत कुणी ‘ऐन वेळी खाल्ली त्याने’ असं म्हटलं, तर ती माती असते, किंवा त्याहूनही वाईट काहीतरी असतं. नाच झाला, भाषण झालं, मॅच झाली आणि मग ‘खाल्ली’ हा शब्द आला, की आपल्याकडे समजायचं, काशी झाली. इंग्रजी पोरांनी त्याच जागी तोच शब्द नेमका उलट्या अर्थाने बसवला आहे.

मी २६ वर्षं इंग्रजी शिकवते. सुरुवात कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये झाली, मग बरीच वर्षं सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांना परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला शिकवलं, आता घरीच चार-पाच जणांची बॅच घेते. एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले. अशा शब्दात क्रियापदाकडे बघत बसू नका, कर्माकडे बघा. पोरं हसतात, त्यांना वाटतं बाई गीता सांगायला लागल्या. मी व्याकरणातलं कर्म म्हणतेय. क्रिया कुणावर घडली, ते कर्म. ‘खाणे’ आणि ‘ईट’ या दोन्ही शब्दांत सगळी चावी तिथे आहे.

मराठीचंच बघा ना. भाव खाल्ला की माणूस शिष्ट, पैसे खाल्ले की भ्रष्ट, डोकं खाल्लं की चिकट, कच खाल्ली की भित्रा, हाय खाल्ली की खचलेला. मार खातो, शिव्या खातो, बोलणी खातो, टक्केटोणपे खातो, पाण्यात गटांगळ्या खातो आणि रस्त्यावर आपटी खातो. या यादीत तोंडाने चावून खाण्याची एकही गोष्ट नाही. आणि क्रियापद? ते बिचारं सगळीकडे तेच आहे. परक्या माणसाला ‘खाणे म्हणजे ईट’ एवढं शिकवून तुम्ही रविवार कारंजावर सोडलंत, तर तो पहिल्या तासात वेडा होईल. तुमचं झालं ते हेच, फक्त उलट्या दिशेने.

अंबडची एक गोष्ट सांगते, कंपनीचं नाव राहू दे. एक हुशार, पण इंग्रजीला बिचकणारा मुलगा माझ्या बॅचमध्ये होता. सुट्या भागांची एक खेप सदोष निघाली होती आणि परत पाठवायचा खर्च कुणी सोसायचा यावर अमेरिकन गिऱ्हाइकाबरोबर फोनवर बोलणं चाललं होतं. पलीकडचा शेवटी म्हणाला, ‘ऑल राइट, वुई विल ईट द कॉस्ट.’ मुलाने फोन ठेवला आणि धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेला: ‘सर, ते लोक पैसे खाणार आहेत, उघड सांगतायत!’ साहेबही मराठीच. त्यांनीही कपाळाला हात लावला. प्रत्यक्षात पलीकडचा म्हणत होता की खर्च आम्ही सोसतो, तुमच्याकडे मागत नाही. म्हणजे पैसे ‘खाणारा’ तिथे प्रामाणिक होता आणि भुर्दंड गिळत होता. इंग्रजीत ‘ईट’ला खर्च, तोटा किंवा नुकसान असं कर्म आलं की अर्थ मुकाट सोसण्याचा होतो. मराठीत पैसे हे कर्म आलं की अर्थ हडप करण्याचा होतो. दोन्हीकडे घशाखालीच गेलं, पण कुणाचं गेलं यावर सगळं अवलंबून. आमच्या बॅचमध्ये पुढे वर्षभर कुणी चहाचं बिल दिलं की बाकीचे ओरडायचे, ‘आज याने कॉस्ट खाल्ली!’

सोसण्याचा हा धागा मला फार आवडतो, कारण तो आपल्याकडेही आहे. वरची यादी पुन्हा वाचा. मार, शिव्या, बोलणी, आपटी, टक्केटोणपे: हे सगळं माणूस खातो म्हणजे भोगतो. आणि ‘भोगणे’ हा शब्द कुठून आला? भोजनाचा आणि भोगाचा संस्कृत धातू एकच, भुज्. देवाला दाखवतो तोही भोग आणि नशिबी येतात तेही भोगच. फारसीतही असंच आहे. तिकडे जमिनीवर पडण्याला ‘जमीन खाणे’ म्हणतात आणि दुःख करण्याला ‘गम खाणे’. हे दुसरं आपण उचललं, पण वाटेत त्याचा अर्थ वळला. ‘जरा गम खा’ असं आजी म्हणते तेव्हा तिला दुःख कर असं म्हणायचं नसतं, थोडा धीर धर असं म्हणायचं असतं.

आता आपटीकडे या, कारण इथे मराठी आणि इंग्रजी गळ्यात गळा घालतात. स्केटबोर्डवरून किंवा सर्फिंग करताना कुणी सपशेल पडला की अमेरिकन पोरं म्हणतात, ‘ही एट इट.’ हुबेहूब आपली ‘आपटी खाल्ली’. मात्र इथे एक बारीक काटा आहे, तो नीट लक्षात घ्या. ‘शी एट’ दाद आहे. ‘शी एट दॅट’ हीसुद्धा दादच आहे. पण ‘शी एट इट’ म्हटलं की ती तोंडावर आपटली असाही अर्थ निघतो. पुन्हा त्याच्यामागे ‘अप’ लावून ‘एट इट अप’ केलं की परत कौतुक. आणि प्रेक्षकांनी ‘एट इट अप’ केलं असेल तर त्यांनी ते मिटक्या मारत पाहिलं, किंवा थाप असेल तर ती डोळे मिटून खरी मानली. एवढ्याशा ‘इट’ने एवढा घोळ! मला एका पालकांनी विचारलं होतं की हे लोक शब्द तरी वेगळा का वापरत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही मिसळ मारता, गप्पा मारता, दांडी मारता आणि डासही मारता, तेव्हा?

‘शी एट’मध्ये गंमत अशी की कर्मच गायब आहे. काय खाल्लं हे कुणी सांगत नाही आणि विचारायचंही नसतं. शाळेच्या व्याकरणात ‘ईट’ला कर्म नसलं तर अर्थ साधा ‘जेवली’ असा होतो. तोच अर्थ तुमच्या मनात आधी आला आणि तिथून गाडी वजनावर गेली. पण नाच, गाणं, कपडे, केस, एखादं सडेतोड उत्तर अशा गोष्टीखाली हा शब्द आला, तर समोरच्या व्हिडिओतलं सगळंच त्याचं अध्याहृत कर्म असतं. तो क्षण, ते स्टेज, समोरचे प्रेक्षक, सगळं तिने खाऊन टाकलं.

आणि हे आपल्याला नवीन नाही! कालिदास कलामंदिरात नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभ्या राहा. कुणीतरी हमखास म्हणत असतं, ‘आज त्या म्हाताऱ्याचं काम करणाऱ्याने हिरोला खाऊन टाकलं.’ किंवा ‘तो सीन तिने खाल्ला.’ नाटकवाल्यांची ही दाद जुनी आहे. सहकलाकार झाकोळून गेला, नजर दुसऱ्यावर ठरेचना, असा तिचा अर्थ. तिचाच आजचा भाचा म्हणजे ‘फुटेज खाणे’. फिल्म फुटांत मोजायचे, ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे ९० फूट गेले की पडद्यावर १ मिनिट होतं. प्रत्येक फुटाला पैसे पडायचे, म्हणून कॅमेऱ्यासमोर जास्त वेळ रेंगाळणारा खरोखरच फुटेज खायचा. दादासाहेब फाळक्यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वरचा, तेव्हा हा शब्द नाशिककरांनी जरा हक्कानेच वापरावा. आता लग्नात नवरदेवापेक्षा जास्त नाचणारा मामाही फुटेज खातो.

फरक एवढाच की मराठी दादेत कुणीतरी खाल्लं जातं. एकाची वाहवा, दुसऱ्याचा बळी. ‘फुटेज खातोय’मध्ये तर कौतुकापेक्षा कुरकुरच अधिक असते. इंग्रजी ‘एट’ने बळीच काढून टाकला. तुमच्या मुलीने कुणालाही झाकोळलं नाही, तरी ‘शी एट’ म्हणता येतं. एकटी आरशासमोर उभी राहून काढलेल्या फोटोलाही म्हणता येतं. म्हणून मी याचं मराठी करायचं झालं तर ‘खाल्लं’ शब्दाच्या वाटेला जात नाही. ‘तोडलंस’, ‘जाळ काढलास’, ‘राडा केलास’ हेच त्याचे खरे मराठी भाऊबंद. आपली दाददेखील बघा कशी मोडतोडीची आहे: तोडणे, फोडणे, जाळणे. इंग्रजीतही ‘किल्ड इट’, ‘क्रश्ड इट’, ‘स्ले’. त्या मानाने खाणं हे सौम्यच म्हणायचं.

हा शब्द आला कुठून? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजातल्या समलिंगी आणि पारलिंगी लोकांनी एक जग उभं केलं, त्याला बॉलरूम म्हणतात. १९७० च्या दशकापासून तिथे ‘हाउस’ म्हणजे घराणी तयार झाली. घरच्यांनी बाहेर काढलेल्या पोरांना ही घराणी आसरा द्यायची, आणि घराण्याची जी कर्ती असे तिला म्हणायचे मदर. रात्री स्पर्धा भरायच्या. नटूनथटून चालायचं, नाचायचं, पंचांनी गुण द्यायचे. ‘शेड’, ‘रीड’, ‘सर्व्ह’, ‘स्ले’ असे कितीतरी शब्द त्या मंडळींच्या बोलीतून वर आले, आणि ‘एट’ही त्याच पंगतीतला. तिथून ते टीव्हीवरच्या ड्रॅग कलाकारांच्या, म्हणजे बहुतेक स्त्रीवेष घेऊन रंगमंच गाजवणाऱ्या पुरुषांच्या, कार्यक्रमांत गेले, मग गाण्याच्या चाहत्यांत आणि मग फोनवर. आपल्याकडे २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, आणि तेव्हापासून हार्लेमची बोली नाशिक रोडच्या पोरांच्या अंगठ्यावर आली. मुलीच्या व्हिडिओखाली ‘मदर’ लिहिणारीने तिला या घराण्याच्या कर्तीच्या पाटावर बसवलं आहे. ‘बाई, तू आमची गुरू’ असंच काहीसं. तिला हा इतिहास ठाऊक असेल असं मात्र समजू नका. आपण तरी ‘फुटेज’ म्हणताना कुठे फूट मोजतो?

मला यात एक गोष्ट रुचते. घरातून हाकलल्या गेलेल्यांनी एकमेकांना दाद द्यायला घडवलेला शब्द तुमच्या मुलीच्या लावणीपर्यंत पोचला. लावणीनेही नाकं मुरडणारे काही कमी पाहिले नाहीत.

वापराच्या दोन-तीन खुब्या सांगते, कारण मुलीशी बोलणं सुरू झालं की तुम्हाला हा शब्द वापरून बघायची हौस येईल. माझ्या अनुभवात सगळ्या आयांना येते. हा शब्द बहुतेक भूतकाळातच चालतो. एखादं गाणं आवडलं तर ‘धिस साँग ईट्स’ म्हणतात, नाच चालू असताना ‘शी इज ईटिंग’ म्हणतात. पण शाळेत घोकलेलं तिसरं रूप काढून ‘यू हॅव ईटन’ लिहिलंत, की त्याचा अर्थ ‘तुझं जेवण झालंय’ एवढाच उरतो आणि पोरं महिनाभर तुमची नक्कल करतात. दुसरं, ‘शी थॉट शी एट’ दिसलं तर ते कौतुक नव्हे. ‘हिला वाटलं आपण मैदान मारलं’, असा तो टोला आहे. आणि दादेसोबत ढसाढसा रडणाऱ्या चेहऱ्याचं चित्र असेल तर घाबरू नका. ही पिढी आनंदाने, कौतुकाने, हसून आणि भूक लागली तरी तेच चित्र टाकते.

घाण आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. ‘शी एट’मध्ये अजिबात नाही. पण शब्दाला ती बाजू आहे आणि तुम्ही आई आहात, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. इथेही कसोटी कर्माचीच. ‘ईट आउट’ म्हणजे बाहेर जेवायला जाणं, सरळ आणि सोवळं. पण ‘ईट’ आणि ‘आउट’ यांच्या मध्ये एखादा माणूस कर्म म्हणून येऊन बसला, की त्याचा अर्थ थेट शारीरिक संबंधातल्या एका क्रियेचा होतो. माझ्या एका विद्यार्थ्याने परदेशी साहेबांना हॉटेलात जेवायला न्यायचं म्हणून मेलचा मसुदा लिहिला आणि ‘यू’ नेमका तिथेच बसवला. नशीब, पाठवायच्या आधी मला दाखवला! मी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि त्याला एवढंच सांगितलं की ‘टेक यू आउट फॉर डिनर’ लिही, कारण विचारू नको. (त्याने ते दुसरीकडून शोधून काढलंच. पुढचे दोन आठवडे क्लासला आला नाही.) ‘ईट मी’ हीही शिवी आहे, ‘खड्ड्यात जा’च्या जातीची पण अधिक चावट. तेव्हा ढोबळ खूण अशी: मुलगी वाक्याची कर्ता असेल तर निर्धास्त राहा. ती किंवा दुसरं कुणी माणूस त्या क्रियापदाचं कर्म झालेलं दिसलं, तर थांबून पुन्हा वाचा. त्यातही अपवाद आहेत. उलटतपासणीत वकिलाने साक्षीदाराला ‘एट हिम अलाइव्ह’ म्हटलं तर त्याला फाडून खाल्लं, म्हणजे शब्दांनी लोळवलं.

माणूस कर्म असलेलं एक वाक्य मात्र फार मायेचं आहे. ‘व्हॉट्स ईटिंग यू?’ तुला काय खातंय? कुणी गप्प गप्प असेल तर असं विचारतात. आपणही म्हणतो, ती गोष्ट मला आतून खात होती. चिंता करण्याला इंग्रजीत ‘फ्रेट’ म्हणतात. हा ‘फ्रेट’ मुळात ‘ईट’चाच सख्खा, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फस्त करणं असा होता. जर्मनमध्ये आजही माणसं खातात त्याला एक शब्द आणि जनावरं खातात त्याला दुसरा, आणि हा दुसरा ‘फ्रेट’चा भाऊ. म्हणजे चिंता माणसाला खाते ती जनावरासारखी. हे शिकवताना वर्ग दर वेळी एक क्षण शांत होतो.

आणखी मागे गेलं तर ‘ईट’ आपल्या घरातलाच निघतो. संस्कृतमध्ये खाण्याचा एक धातू अद्. त्याच्यापासून अन्न. इंग्रजी ‘ईट’ आणि आपला ‘अद्’ एकाच मुळाच्या दोन फांद्या. तुम्ही पानात वाढता त्या अन्नाचा हा लांबचा चुलतभाऊ. मराठी ‘खाणे’ मात्र खाद् धातूवरून आलं, त्याचा ‘ईट’शी रक्ताचा संबंध नाही. तरी दोघांनी माराचं, तोट्याचं, चिंतेचं आणि कौतुकाचं ओझं वेगवेगळ्या घरांत राहून सारख्याच तऱ्हेने उचललं.

शब्द मागे घ्यावे लागणं हेही इंग्रजीत खाण्यातच बसतं. ‘ईट युवर वर्ड्स’, आपलेच शब्द गिळणं. अमेरिकेत ‘ईट क्रो’, कावळा खाणं, म्हणजे चारचौघांत चूक कबूल करावी लागणं. आणि ‘ईट हम्बल पाय’. ही शेवटची गोष्ट मजेची आहे. हरणाच्या आतड्या-काळजाला मध्ययुगीन इंग्रजीत ‘नम्बल्स’ म्हणत. पुढचा ‘न’ गळून ‘अम्बल्स’ झाला आणि त्या मांसाची पाय म्हणजे ‘अम्बल पाय’. हलक्या प्रतीचं खाणं. ‘हम्बल’ म्हणजे नम्र, या शब्दाशी त्याचं मुळात काही नातं नव्हतं, पण उच्चार एवढा जवळचा की लोकांनी त्यावर कोटी केली आणि ती रुजली. ‘आय विल ईट माय हॅट’ म्हणजे असं झालं तर मी टोपी खाईन. आपण अशा वेळी टोपी खात नाही, मिशी उतरवून देतो किंवा नाव लावत नाही.

स्वयंपाकघरातली दुसरी क्रियापदंही सुटलेली नाहीत, पण ती पटकन आटोपते. ‘लेट हिम कुक’ म्हणजे त्याच्या मधे पडू नका, तो काहीतरी भारी करतोय. ‘वुई आर कुक्ड’ म्हणजे आपली वाट लागली. कर्ता शिजवतो तोवर चांगलं, स्वतःच शिजला की संपला. आपल्याकडेही ‘काहीतरी शिजतंय’ आहेच, आणि कुणाची डाळ शिजत नाही ते वेगळं. ‘कुक द बुक्स’ म्हणजे हिशेबात गडबड करणं, हा तर शेकडो वर्षं जुना. मार्चअखेर सगळीकडे उपयोगी पडणारा.

‘क्रम्ब्स’वर मात्र माझं थोडं भांडण आहे. ‘नो क्रम्ब्स’ ही दाद विलायती पावाच्या माणसांची. सुकं खाणारा भुगा पाडतो, म्हणून भुगा न पाडणं हे कौशल्य. आपल्याकडे चिवड्याच्या पिशवीच्या तळाशी जो चुरा उरतो, मीठमसाल्याने गच्च भरलेला, त्यावर घरात भांडणं होतात. तो शेवटी हातावर ओतून घेतला नाही तर चिवडा खाल्ल्याचं समाधान काय? मिसळीचंही तेच. वाटीत तर्रीचा थेंब उरला नाही, पावाच्या शेवटच्या तुकड्याने वाटी पुसून काढली, अशी आपली दाद असायला हवी होती. माझ्या बॅचमधल्या एका मुलीने मागे एकाच्या भाषणाला ‘वाटी पुसली भावाने’ असं म्हटलं होतं. चार दिवस चाललं, मग मेलं. बोलीतल्या शब्दांचं हे असंच असतं. ‘एट’सुद्धा किती दिवस टिकेल कोण जाणे. तुमच्या-माझ्यासारख्यांना अर्थ कळला की पोरं शब्द टाकून देतात, हा माझा २६ वर्षांचा अनुभव.

तेव्हा आता काय करायचं ते सांगते. मुलीला लांबलचक समजावत बसू नका. व्हिडिओखाली जाऊन फक्त ‘शी एट’ लिहा. त्यात ‘इट’ घालू नका, तिसरं रूप वापरू नका, शेवटी ‘बेटा’ लावू नका. ती आधी लाजेल, मग स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवेल, आणि संध्याकाळपर्यंत बोलायला लागेल. कौतुक तिने दोन दिवसांपूर्वीच मिळवलंय, त्यात तुमचं एक नव्हतं, आणि मला वाटतं तिचा खरा राग त्याचाच आहे.

राहिली ती मैत्रीण. तिने बिचारीने काही कारण नसताना तुमची बोलणी खाल्ली आहेत. तिला रविवारी घरी बोलवा आणि काहीतरी बरं खायला घाला.